झडती

जेल रोडला, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर राहतात सहभागी क्रमांक एक्केचाळीस.
नाव लिहायचं नाही, अशी अभ्यासाची अट.
नावं विसरायचं आम्हाला दोन दिवस प्रशिक्षण दिलं,
गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये, चहा-बिस्किटांसकट.
कवितेला ती अट नाही म्हणून सांगते:
निवृत्ती गायखे. नोट प्रेसमधून निवृत्त.
या कोटीवर ते स्वतःच हसायचे म्हणे.
मी भेटायला लागले तोवर ते हसणं संपलं होतं.

आज वार कोणता, बाबा?
"सुट्टीचा."
महिना?
समोरच्या गच्चीवर कुणी लुगड्यावर वाळत घातलेलं,
तिकडे बघून म्हणाले, "कुरडयांचा."
मार्च संपत आला होता.
मी शून्य लिहिलं.

शंभरातून सात वजा करा.
ते दचकले.
"शंभरातून काही वजा करायचं नसतं, बाई.
एक ताव कमी भरला
तर अख्खा सेक्शन घरी जात नाही."
पुन्हा शून्य.

पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा, मग विचारेन:
कांदा, कुलूप, आत्या, पूल, पिवळा.
तोवर घड्याळ काढा.
वर्तुळ असं आलं, जणू वाटी पालथी घालून गिरवलेलं.
मग आकडे. बाराच्या बारा उजव्या अंगाला,
बिटकोच्या सिग्नलला खोळंबल्यासारखे, एकमेकांना चिकटून.
डावीकडे सगळं कोरं.
काट्यांचं विचारलं तर म्हणाले, "ते दुसऱ्या पाळीला लावतील."

शब्द आठवतात का, बाबा?
पंखा फिरत राहिला.
आणि आतून, तांदूळ निवडता निवडता, गिरजाबाई:
"कांदा, कुलूप, आत्या, पूल, पिवळा."
मावशी, तुम्ही सांगायचं नाही.
"मला कुठं मार्क पाहिजेत?
कुणीतरी ठेवायला नको का ते?"

संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा राहिला होता.
कागद हातात दिले, आणि त्यांचा हात बदलला.
म्हणजे हात तोच,
पण आता तो कुणाला विचारत नव्हता.
अंगठ्याने एकेक पान चोळलं, ट्यूबलाइटकडे धरलं,
चौथं पान बाजूला काढून ठेवलं.
"हा दुसऱ्या रिमचा."

खरं होतं ते.
आमचा कागद संपला तेव्हा
ते एक पान मी झेरॉक्सवाल्याकडून आणलं होतं.
मला स्वतःला आता ओळखता आलं नसतं.
डॉक्टरांनी स्कॅनवर पेनाचं टोक टेकवून दाखवलं होतं:
इथे, कानशिलाच्या आत, जागा रिकामी होत चाललीय.
मग हे कुठे ठेवलंय त्यांनी?
फॉर्ममध्ये रकाना शोधला. नव्हता.
समासात लिहिलं, 'कागद ओळखतात',
ते पुढे कुणी टाइप करणार नाही हे माहीत असून.

निघाले तर ते दारात आडवे.
"हात वर."
"अहो, सोडा पोरीला," गिरजाबाई लाजून चूर.
मी हात वर केले.
एकतीस वर्षं, रोज सुटताना, गेटवर
त्यांनीही असेच वर केले असतील.
पर्समधून कागद काढले, बोट ओलं केलं,
आणि कोपरा उलगडत असे मोजले
की मला आकडे दिसलेच नाहीत, नुसता आवाज.
"दहा. एक कमी."

कुणी हललं नाही.
चौथं पान खुर्चीखाली सरकलं होतं.
मी वाकून आणून दिलं.
"अकरा. भरले. जा."
सगळ्यात खाली होतं त्यांचं घड्याळ.
ते त्यांनी दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पाहिलं
आणि पास केलं.

जिना उतरत होते तेव्हा वर कुकरची शिट्टी झाली, लांब,
आणि लगेच त्यांच्या चपला, भराभर, दाराच्या दिशेने,
भोंगा वाजल्यावर निघावं तशा.
मग कडी. मग कुलूप.
यादीतला दुसरा शब्द.